प्रणिताचे एकतीस नमुने

मंगळवारी दुपारी माझी नणंद प्रणिता विद्यापीठात माझ्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून तिनं टेबलावर ठेवला.

“वाचा वहिनी. आणि हसू नका.”

मी वाचलं आणि हसलेच. कागदावर लिहिलं होतं : उद्रेकाची केंद्रव्यक्ती, श्रीमती प्रणिता हुक्केरी, परिचारिका, डायलिसिस विभाग. विश्वासार्हता ९४.२ टक्के. त्या दशांश दोनवर मला हसू आलं. धड चौऱ्याण्णवही खरे नाहीत आणि वर दोन दशांश! शहाण्यांना वाटतं, दशांश लावला की खोटं खरं होतं.

“पाच माणसं गेलीत,” प्रणिता म्हणाली. “आणि हे म्हणतात मी मारली.”

तेव्हा कुठं माझं हसू थांबलं.

खरं सांगते, आमचं कधी पटलं नाही. सव्वीस वर्षं झाली मला टोणप्यांच्या घरात येऊन, पण ही बाई माझ्याकडे चहा प्यायला आली की आधी कप उठून पुन्हा विसळते. माझ्यासमोर! राजशेखर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो तिची सवयच आहे, तू मनावर घेऊ नकोस. मी मनावर घेत नव्हते. मी तिला मंद समजत होते, आणि मंद माणसाचं कोण मनावर घेतं? हॉस्पिटल, क्वार्टर आणि पुन्हा हॉस्पिटल, याच्यापलीकडे जिचं जग नाही अशी एक बाई. आता पंधरा दिवसांनी तिची सुनावणी होती. निकाल कायम झाला की परिचारिकांच्या नोंदवहीतून नाव काढणार, आणि त्या पाच घरांना रीतसर पत्र जाणार की तुमचा माणूस हिच्यामुळे गेला.

“वंशमापी नावाच्या सॉफ्टवेअरनं सांगितलंय म्हणे,” ती म्हणाली. “ते तुमचंच ना?”

माझंच. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचं. ते झालं एकच.

जंतूंच्या वंशावळी काढणं हा माझा धंदा. जंतू स्वतःची नक्कल करताना अधूनमधून चुकतो आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत जशीच्या तशी उतरते. दोन रुग्णांच्या अंगावरच्या जंतूत त्याच त्या चुका सापडल्या की समजायचं, दोघांचा पूर्वज अलीकडचा. चुका जितक्या वेगळ्या, तितका तो जुना. एवढ्यावरून झाड काढता येतं. टोकांना आज मिळालेले नमुने, मागं फांद्या, आणि फांद्या फुटतात तिथं न दिसलेले पूर्वज. पूर्वी याला महिने लागायचे. आता नमुना यंत्रात घाला, जेवून या, झाड तयार.

पण झाडाकडे बघून काही कळत नाही. पन्नास-साठ टोकांची दोन झाडं शेजारी ठेवली तर ती सारखी की वेगळी, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक झाडाचे पाच-सात आकडे काढायचे. झाड एका बाजूला किती झुकलंय, टोकाला जुळ्या फांद्या किती, बुंध्यापासून टोकं सरासरी किती लांब, आतल्या फांद्या बाहेरच्यांच्या मानानं किती आखूड. मग संगणकात हजारो खोटे उद्रेक घडवायचे. काहींत एकच माणूस सगळ्यांना लागण देतो, काहींत लागण हातोहात पुढं सरकते. त्या खोट्या झाडांचेही तेच आकडे काढायचे, आणि खऱ्या झाडाचे आकडे कुठल्या ढिगाच्या जवळ पडतात ते बघायचं. पहिल्या ढिगाजवळ पडले की सॉफ्टवेअर म्हणतं, हा एका माणसाचा प्रताप. मग ज्याचं नाव फांद्याफांद्यांवर दिसतं तो माणूस धरायचा.

पद्धत वाईट नाही, अंदाज बांधायला चांगली आहे. उंची आणि छातीच्या मापावरून आपण शर्ट घेतोच की. पण उंची आणि छाती जुळली म्हणून कोणाला खुनाच्या आरोपात धरत नाही. हे आमच्या सरकारला कोण सांगणार? तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात औषधांना न जुमानणारी एक बुरशी हॉस्पिटलांतून पसरली. वॉर्डातले लोक तिला ‘चिकटी’ म्हणतात, आणि तिच्या लांबलचक लॅटिन नावापेक्षा ते बरं आहे. माणसं गेली, ओरड झाली, आणि संसर्ग-उगम कायदा आला. प्रत्येक उद्रेकाची केंद्रव्यक्ती तीस दिवसांत जाहीर झालीच पाहिजे. जंतूवर गुन्हा दाखल करता येत नाही, तेव्हा कोणातरी माणसाचं नाव हवं.

मी त्या विभागाची माहिती मागवली. झाडाला अठ्ठावन्न टोकं होती. त्यांतली एकतीस एकट्या प्रणिताची.

“हे काय गं?” मी फोन केला. “तुझ्या हाताचे एकतीस नमुने? सात महिन्यांत?”

“बासष्ट,” ती म्हणाली. “दर सोमवारी दोन. ग्लोव्हज काढले की धुण्याआधी एक, धुतल्यावर एक.”

“हा उद्योग सांगितला होता कोणी?”

“कोणी नाही. पण मला कळायला नको का, मी काय घेऊन पुढच्या बेडकडे चाललेय ते?”

“मग बाकीचे एकतीस कुठं गेले?”

“ते सगळे स्वच्छ निघाले.”

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. स्वच्छ नमुन्यात जंतू नसतो. जंतू नाही म्हणजे वंशावळ नाही, आणि वंशावळ नाही म्हणजे झाडावर टोक नाही. बाईनं एकतीस वेळा हात धुतले आणि एकतीसही वेळा ते स्वच्छ झाले, याचा झाडाला पत्ताच नव्हता. झाडाला तिचे फक्त मळके हात दिसत होते. आज या रुग्णाची चिकटी, पुढच्या सोमवारी त्या रुग्णाची, अशी तिची टोकं सगळ्या झाडभर पसरली होती. रुग्णाकडून तिच्याकडे आली होती बुरशी, आणि यंत्रानं ते उलटं वाचलं.

इतरांचं काय? तिच्या पाळीतल्या रुग्णांचे बावीस नमुने, कारण ती रुग्णांचेही नेमानं घ्यायची. उरलेल्या दोन्ही पाळ्या मिळून चार. विभागप्रमुख डॉक्टर मुतालिक यांचा एक, तोही नोकरीला लागताना घेतलेला. बाकी सगळ्या शहाण्यांनी हात वर केले होते. ज्यानं बघितलंच नाही त्याच्याकडे काही सापडलं नाही, आणि जिनं बघितलं ती खुनी. ही असली अक्कल चालवायला आम्ही संगणक ठेवलेत!

सुनावणीला तेजस गोडखिंडी अध्यक्ष होता. हाच तो माझा विद्यार्थी. हुशार होता. पुढं फार लवकर मोठा झाला आणि हुशारी जिथल्या तिथं राहिली. त्याच्या शेजारी डॉक्टर मुतालिक, कपाळावर आठ्या आणि चेहऱ्यावर पाच माणसांचं दुःख, जे त्यांनी सकाळी दाढी करताना चढवलं असावं. प्रणिता कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसली होती.

“मॅडम, तुम्ही नातेवाईक आहात,” तेजस म्हणाला. “पण तुमचा आदर म्हणून ऐकतो.”

“आदर राहू दे. सॉफ्टवेअर उघड.”

आधी मी सरळ काम केलं. प्रत्येक माणसाचा एकच नमुना ठेवला, पाळीपाळीचे सारखे केले, आणि झाड पुन्हा काढायला लावलं. टोकं उरली अकरा. आकडे दोन्ही ढिगांच्या बरोबर मधे जाऊन पडले. वंशमापीनं तरीही एक नाव दिलंच, या वेळी दुपारच्या पाळीतल्या एका रुग्णाचं. तो बिचारा चार महिन्यांपूर्वी वारला होता.

“आता गंमत बघ,” मी म्हटलं. “डॉक्टरसाहेबांचा एकुलता एक नमुना आहे ना, तो घेते. त्यात एकेक चूक इकडची तिकडची करते, आणि तीस वेळा घालते.”

“ही लबाडी आहे, मॅडम.”

“शुद्ध लबाडी. चालव.”

यंत्र चाललं. पडद्यावर अक्षरं उमटली : केंद्रव्यक्ती, डॉ. मुतालिक. विश्वासार्हता ९६.८ टक्के.

डॉक्टर मुतालिकांच्या पाचावर धारण बसली. “हे, हे रेकॉर्डवर जात नाही ना?” ते म्हणाले. पाच माणसांचं दुःख कुठल्या कुठं पळालं.

“तुझं यंत्र ज्याचे नमुने जास्त त्याला लटकवतं,” मी तेजसला म्हटलं. “अठ्ठावन्न टोकांवर एकतीस एकाच बाईची दिसताहेत, आणि तुला विचारावंसं वाटलं नाही की का? पहिल्या वर्षाच्या मुलाला मी यासाठी नापास केलं असतं. ज्याला सांगता येत नाही त्यानं सांगता येत नाही म्हणावं. लाज कसली त्यात?”

तेजसनं पडदा बंद केला. मग शांतपणे म्हणाला, “‘सांगता येत नाही’ हा पर्याय पहिल्या आवृत्तीत होता, मॅडम. तो काढायच्या ठरावावर तिघांच्या सह्या आहेत. एक तुमची आहे.”

होती. मला आठवलं. बैठकीचा चौथा तास होता, सचिव म्हणत होते की असा पर्याय ठेवला तर सगळे त्याच्याच मागं लपतील, आणि मला जेवायला जायचं होतं. मी सही केली आणि गेले. जेवणात काय होतं तेही आठवत नाही.

प्रणितानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला त्यातलं काही कळलं नसेल असं मी धरून चालले.

संध्याकाळी निकाल आला. प्रणिता हुक्केरी निर्दोष. खाली एक अट होती. नमुन्यांच्या असमतोलामुळे गणित बिघडतं, असं डॉ. ऊर्मिला टोणपे यांनी सप्रमाण दाखवलं आहे; सबब यापुढे प्रत्येक कर्मचाऱ्याचा वर्षातून एकच नमुना घेतला जाईल, आणि कोणीही स्वतःचा नमुना स्वतः पाठवणार नाही. तसं हमीपत्र द्यावं. गणितात नमुने सारखे करा म्हटलं होतं मी. गाढवांनी हातच झाकले.

“मी नाही सही करणार,” प्रणिता म्हणाली. आम्ही पायऱ्यांवर उभ्या होतो.

“वेडी आहेस का?”

“मला कळणार कसं मग? हात धुतले की स्वच्छ झाले का, ते कोण सांगणार?”

“सव्वा वर्ष राहिलंय तुझं निवृत्तीला. सही कर आणि सूट. सगळे तसेच काम करतात ना? त्यांना कळतं का?”

“त्यांना नकोच असतं कळायला.”

“मग तूही शिक!” मी ओरडले. “एवढी धडपड मी कोणासाठी केली?”

तिनं पायरीवरच पर्सवर कागद ठेवून सही केली. अक्षर सुरेख आहे तिचं. मला हायसं वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला, कशाचा ते विचारू नका.

पुढचे चार महिने सगळं झकास चाललं. नमुने इतके कमी झाले की झाड निघेचना. झाड नाही तर उद्रेक नाही. डायलिसिस विभागाला ‘शून्य उद्रेक’ असं प्रमाणपत्र मिळालं. डॉक्टर मुतालिकांनी ते फ्रेम करून स्वागतकक्षात लावलं, सत्कारात पेढे वाटले, माझ्याकडेही चार पाठवले. वंशमापीची नवी आवृत्ती आली. तेजसला बढती मिळाली.

एका रविवारी सकाळी प्रणिता घरी आली. राजशेखर बाजारात गेला होता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि घड्याळाकडे बघत हात धुवायला लागली. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. मी दारात उभी राहून बघत होते. हात निथळत ठेवून ती म्हणाली, “स्वॅब आहे ना तुमच्याकडे? घ्या.”

“हमीपत्र दिलंयस तू.”

“मी नाही पाठवत. तुम्ही घ्या. नाव माझं घालू नका.”

“झालंय काय?”

“नाईकवडी गेले गुरुवारी. तापानं. आठवड्यातून तीनदा यायचे, खिशात लिमलेटच्या गोळ्या घेऊन. आणि त्यांच्या आधी मगदूम बाई. दोघं माझ्या पाळीतले.” तिचा आवाज बदलला नव्हता. “मेल्यावर दोघांचे नमुने घेतलेत. दोघांना चिकटी होती. मला बघायचंय.”

मी नमुना घेतला. त्यावर माझं नाव घातलं. सोमवारी विद्यापीठात जाऊन त्या दोघांच्या नोंदींसोबत यंत्रात घातला, आणि तो स्वच्छ निघणार अशी माझी इतकी खात्री होती की वर्गावर निघून गेले. परत आले तर पडद्यावर झाड होतं. तीन टोकं होती. नाईकवडी, मगदूम आणि माझ्या नावाचा तो हात. धुतलेला हात.

चिकटी आता तिच्या कातडीवर घर करून बसली होती. तसं होतं माणसांचं, तिचा दोष नाही. तीन आठवडे औषधी लोशन लावलं की जाते.

संध्याकाळी मी तिच्या क्वार्टरवर गेले. तिनं माझा चेहरा बघितला आणि तीच खुर्चीवर बसली.

“माझ्यामुळे गेले का ते?”

“माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत नाही?”

“तीन टोकांचं झाड आहे, प्रणिता. तीन टोकांना एकच आकार येतो. दोन जवळची, एक लांबचं. जगात कुठलीही तीन टोकं घे, आकडे तेच येणार. तुझ्याकडून त्यांना गेली, त्यांच्याकडून तुला आली, की तिघांना चौथ्याकडून, यावरून काही म्हणता येत नाही.”

“आणि माझे सोमवारचे नमुने असते तर?”

ते असते तर मी आठवडा सांगितला असता. ते दोघं आजारी पडायच्या आधी चिकटी तिच्या कातडीवर बसली की नंतर, हे नक्की सांगितलं असतं. खरं तर ते असते तर पहिल्याच सोमवारी तिला कळलं असतं, आणि ती घरी बसली असती. हे तिला माझ्या आधी कळलं होतं, पायऱ्यांवरच.

ती उठली, टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, आणि रजेचा अर्ज लिहायला लागली. मी खांद्यावरून बघितलं. कारणात तिनं लिहिलं : माझ्या धुतलेल्या हातावर बुरशी आढळली आहे.

“हे लिहू नकोस,” मी म्हटलं. “घरगुती कारण लिही. तीन आठवडे लोशन लाव आणि गपचूप कामावर जा. कोणाला कळणार नाही. हे लिहिलंस तर हमीपत्र मोडलं, नोंदवहीतून नाव जाईल, आणि त्या दोन घरांना तुझ्याच नावाचं पत्र जाईल. सिद्ध काहीही न होता! एवढं तरी समजतं ना तुला?”

“समजतं.”

“नमुना माझ्या नावावर आहे. मी तो पुसून टाकते. रुग्णांना तुझा हात लागणार नाही, मग नुकसान कोणाचं होतंय?”

ती लिहितच होती. अर्ज संपवून तिनं खाली सही केली आणि कागद उलटा केला. मागं एकाखाली एक नावं लिहायला लागली. कांबळे, सोमवार सकाळ. पटेल आजी. शिरदवाडे. मुल्ला सर.

“हे कोण?”

“सतरा जण आहेत. या चार महिन्यांत मी हात लावलेले, अजून जिवंत असलेले.” तिनं पेन झटकलं. “त्यांना तपासून घ्या म्हणून कोण सांगणार? घरगुती कारण लिहिल्यावर?”

त्या सतरा जणांचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी दिवसभर तीन टोकांकडे बघत बसले होते.

प्रणितानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी ज्या नजरेनं तेजसकडे बघते, मुतालिकांकडे बघते, सव्वीस वर्षं तिच्याकडे बघत आले, त्या नजरेनं.

“एवढं शिकलात तुम्ही, वहिनी,” ती म्हणाली, आणि पुढची नावं लिहायला लागली.